एकशे बारा टंबलरांची कंपनी

राणोजी घाटगे यांची चूक काढायची तर आधी पोटभर जेवून बसावं लागायचं, कारण ते एकदा वाद घालायला लागले की पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसे. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. त्या चार वर्षांत मी त्यांना एकदाच चुकलेलं पाहिलं. पण चूक अशी की तिच्याखाली एक अख्खं घर सात वर्षं दबून पडलं होतं.

मी सुनीती. माहेर साताऱ्याचं. नवरा अशोक बँकेत, बँकेने बदली केली म्हणून मद्रासला आलो. तेव्हा चेन्नई अजून कोणी म्हणत नव्हतं. घर बघायला गेले तेव्हा राणोजींनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही मराठी बोलता, की रेडिओवाल्यांचं बोलता?" त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरलेले, आणि भाषा तिथेच मुरलेली. ते "मी काम केलो" म्हणायचे. मी दुरुस्त केलं की शांतपणे म्हणायचे, "आम्ही निघालो तेव्हा बरोबरच होतं, सुनीतीबाई. मागाहून तुमच्याकडे बिघडलं असेल." आता यावर माणसाने काय बोलावं? बोलले मी पुष्कळ, ती गोष्ट निराळी. त्यांच्या बायकोला, सकवारबाईंना, आमची भांडणं ऐकत भाजी निवडायला आवडायचं.

राणोजी दिवसा रेल्वेच्या ऑफिसात हेड क्लार्क होते, पण स्वतःची ओळख करून देताना रेल्वे त्यांना आठवत नसे. ते टेरिटोरियल आर्मीत हवालदार होते. म्हणजे आपली नोकरी सांभाळून स्वखुशीने भरती व्हायचं, वर्षातून काही दिवस कवायत करायची, आणि सरकारने बोलावलं की बंदूक घेऊन निघायचं. काम संपलं की परत आपल्या खुर्चीवर. सत्याऐंशी साली शेजारच्या लंकेत यादवी पेटलेली होती, आपलं सैन्य तिकडे गेलं होतं, आणि राणोजींच्या कंपनीलाही नऊ महिन्यांसाठी बोलावणं आलं. एकशे बारा माणसं. त्यांत शाळामास्तर होते, शिंपी होते, विम्याचे एजंट होते, एक तर नादस्वरम वाजवणाराही होता. त्यांचे मेजर राममूर्ती स्वतः एरवी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. खाडीतल्या एका बेटावर तळ, आणि काम रस्ता आणि धक्का राखायचं. राणोजी कंपनीचे क्लार्क. कोण आहे, कोण नाही, कोण आजारी, कोण रजेवर, याचा रोज सकाळचा रिपोर्ट त्यांच्या हातचा.

चौऱ्याण्णव साली मेजरसाहेबांनी ठरवलं की एग्मोरच्या एका हॉटेलात हॉल घेऊन सगळ्या कंपनीला जेवायला बोलवायचं, आणि त्या दिवशी कंपनीचा छापील इतिहास प्रत्येकाच्या हातात द्यायचा. इतिहास लिहिणार कोण? राणोजी. त्यांना विचार यायचा मराठीत, पुस्तक हवं होतं इंग्रजीत, आणि टाइपरायटर होता माझ्याकडे. म्हणजे बळीचा बकरा आधीच खुंट्याला बांधलेला होता. रोज संध्याकाळी ते ऑफिसातून आले की जिना चढून यायचे, खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि सुरू.

"लिहा. प्रकरण तिसरं. टंबलर."

या प्रकरणाचा त्यांना फार अभिमान होता, म्हणून नीट सांगते. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात, तसं त्या लोकांनी प्रत्येकाने घरून स्टीलचा एक टंबलर नेला होता, कॉफीचा, वर ठोकून नाव घातलेला. पहाटे मोकळ्या मैदानात शंभर माणसं रांगेत उभी करणं धोक्याचं. कुठून कोण गोळी घालील याचा नेम नाही. मग राणोजींनी युक्ती काढली. हजेरी घ्यायचीच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एकशे बारा खिळे, प्रत्येकावर एक टंबलर. ज्याने कॉफी घेतली त्याचा टंबलर धुवायच्या घंगाळात पडायचा. ज्याचा खिळ्यावर राहिला तो तळावर नाही. मद्रासचा माणूस सकाळची कॉफी सोडील का? प्राण सोडील. राणोजी खिळे मोजायचे, रजेवरची आणि आजारी माणसं वजा करायचे, आणि रिपोर्ट लिहायचे. मेजरसाहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती.

"नऊ महिने," राणोजी म्हणायचे, "एक दिवस पण आकडा चुकला नाही. हे पण लिहा."

मी लिहिलं. मलाही ती युक्ती आवडली होती, खोटं कशाला बोलू.

पाचव्या प्रकरणात बोट आली. दोन नोव्हेंबरला सकाळी रेशन आणायला एक बोट पलीकडच्या काठाला निघाली. वाटेत गोळीबार झाला आणि बोट बुडाली. कोणीच वाचलं नाही. तीन प्रेतं मिळाली, बाकी खाडीने नेलं. बोटीवर कोण कोण होतं हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण निघताना धांदल होती. पण राणोजींकडे भिंत होती. कॉफी घेतली आहे आणि तळावर नाही, म्हणजे बोटीवर. असे चार निघाले. पाचवा एक माणूसही तळावर नव्हता, पण त्याचा टंबलर सकाळपासून खिळ्यावरच होता. म्हणजे तो बोट निघण्याआधीच, अंधारात कधीतरी निघून गेला.

"लिहा," राणोजी म्हणाले. "शिपाई जयतीर्थ, सैदापेटच्या शाळेत गणिताचा मास्तर. तळ सोडून पळाला."

माझी बोटं थांबली. "चौकशी नाही झाली?"

"झाली की. माझा रिपोर्ट पाहिले, स्वयंपाक्याला विचारले, संपलं."

"पण हे पुस्तकात हवंच का? मेजवानीत वाटायचं आहे ना?"

"इतिहासात पळालेले पण येतात, सुनीतीबाई. तुमच्या महाराष्ट्रात तर फार आहेत."

मी चिडून ती ओळ टाइप केली. दुसरं काय करणार होते?

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई आल्या. पंचेचाळीशीच्या, नेटक्या, नऊवारी नाही पण सुती साडी अंगाशी चापून, हातात पिशवी. राणोजींच्या ओट्यावर चप्पल काढतानाच त्यांनी सांगितलं, "मी कृष्णवेणी. जयतीर्थांची बायको." सकवारबाईंनी हाक मारून मला खाली बोलावलं. अशा वेळी त्यांना एकटं राहायचं नसे.

कृष्णवेणीबाई तंजावरकडच्याच, घरात मराठी बोलणाऱ्या. त्या पाणीही न घेता सरळ मुद्द्यावर आल्या. त्यांची मुलगी विमला, तिचं कुंभकोणमच्या घरात जमत आलं होतं. मुलाचे वडील गुरुमूर्ती हे सावध गृहस्थ. मुलीचे वडील लंकेत गेले आणि परत आले नाहीत, एवढंच त्यांना सांगितलेलं. कंपनीचा इतिहास छापला जातोय हे त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी निरोप पाठवला की पुस्तकात काय लिहून येतं ते पाहू, मग साखरपुड्याचं बोलू.

"अण्णा, मी तुमच्याकडे न्याय मागायला आले नाही," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मागून झाला. ते पळाले असं तुम्ही म्हणता, माझ्या सासरचेही म्हणतात. कोणी म्हणतं परदेशात दुसरा संसार थाटलाय. म्हणोत. पुस्तकात त्यांचं नावच घालू नका. एक ओळ कमी झाली तर तुमचं काय जातं?"

राणोजी खुर्चीत ताठ बसले. "अम्मा, मी रिपोर्टात जे लिहिलो तेच पुस्तकात येईल. एकाचं नाव काढलं तर एकशे अकरा माणसांना मी काय तोंड दाखवू? मला मुलीचं वाईट वाटतं. पण खरं ते खरं."

मला इतका राग आला की मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. कृष्णवेणीबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली. "बरं. मग निदान तारीख तरी घालू नका. कार्तिकी एकादशी होती ती. आमच्याकडे त्या दिवशी ते पाण्याचा थेंब घेत नसत. एवढा नेम करणारा माणूस त्याच दिवशी पळून गेला हे छापलेलं विमलाने वाचायला नको."

राणोजी म्हणाले, "थेंब पण नाही?"

"नाही."

"कॉफी? ते एकादशीला कॉफी घ्यायचे. मी पाहिलो आहे."

"इतर एकादशींना घ्यायचे. मद्रासचे ब्राह्मण, कॉफीला अन्न कोण म्हणतंय? पण कार्तिकीला नाही. त्यांच्या वडिलांपासूनचा नेम आहे. आजारी असतानाही मोडला नाही."

बाई नमस्कार करून गेल्या तेव्हा राणोजींनी उठून दारापर्यंत जायला हवं होतं, पण ते उठले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्या दिवशी जयतीर्थ तळावर असता, बोटीवर चढला असता, तरी त्याचा टंबलर खिळ्यावरच राहिला असता. त्यावरून तो पळाला हे ठरत नव्हतं. काहीच ठरत नव्हतं.

मी हे तोंडावर बोलले. मला मनात ठेवता येत नाही. "शितावरून भाताची परीक्षा केलीत, राणोजीकाका. आणि ते शीतच दुसऱ्या भाताचं निघालं."

ते कडाडले. म्हणाले, तुम्हाला फौजेतलं काय कळतं. तुम्ही भाडेकरू आहात, भाडेकरूसारखं राहा. मी म्हटलं, राहते, टाइपरायटरही भाडेकरूचाच आहे, उद्यापासून तुमच्यासाठी वाजणार नाही. सकवारबाई मध्ये पडल्या. "अहो, ती बाई स्वतःच नाव काढा म्हणते आहे ना? काढून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार?"

राणोजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले, "तेच करू." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि संध्याकाळी इतिहास सांगायलाही आले नाहीत.

सोमवारी ऑफिसला जायच्या वेळेला त्यांनी जिन्याखालून हाक मारली. "सुनीतीबाई, चप्पल घाला. सुब्बाकडे जाऊ."

सुब्बा हा त्या कंपनीचा स्वयंपाकी. आता आमच्याच गल्लीच्या टोकाला एक मॅन्शन होतं, एकट्या नोकरदार पुरुषांच्या खोल्यांची चार मजली इमारत, तिथल्या खानावळीत तो इडल्यांची भांडी उतरवत होता. राणोजी रोज त्या दारावरून जायचे. सणासुदीला सुब्बा घरी पायसम पाठवायचा. सात वर्षं.

राणोजींनी तमिळमध्ये विचारलं. सुब्बा हात पुसत पुसत उत्तर देत होता. मला तमिळ चार वर्षांत बरंच कळायला लागलं होतं.

"जयतीर्थ सार? बोटीवर गेले की," सुब्बा म्हणाला. "रेशन मोजून घ्यायला मीच जाणार होतो. ते आंघोळ करून आले आणि म्हणाले, तू थांब, लोकांना खायला घाल, माझी आज एकादशी आहे, मला काही लागत नाही, मी मोजून आणतो. पोती पण मीच त्यांच्या हातात दिली."

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं? साहेबांनी एकच विचारलं, जयतीर्थने सकाळी कॉफी घेतली का. मी म्हटलं नाही. नव्हतीच घेतली. दुसऱ्या दिवशी मला कावीळ झाली म्हणून परत पाठवलं. मला वाटलं, ते बोटीवर गेले हे सगळ्यांना ठाऊकच आहे." मग तो थांबला, आणि राणोजींच्या तोंडाकडे पाहून त्याने विचारलं, "का? तुम्ही काय लिहिलंत?"

राणोजी तिथल्या बाकावर बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. आजूबाजूला पोरं सांबार वाढून घेत होती, कोणी त्यांच्याकडे बघत होतं, त्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर मात्र मी जो माणूस पाहिला, तो पाहायला मिळाला म्हणून मला मद्रासची चार वर्षं सार्थकी लागल्यासारखी वाटतात. संध्याकाळी ते जिना चढून आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"लिहा. प्रकरण तिसरं, नव्याने. हवालदार राणोजी घाटगे याने नऊ महिन्यांत एकदाही हजेरी घेतली नाही."

"एवढं नको," मी म्हटलं. कालपर्यंत मीच त्यांना बोलत होते, पण आता माझाच जीव वर-खाली व्हायला लागला. "जयतीर्थ बोटीवर होते, सुब्बाने पाहिलं, एवढंच लिहू. टंबलरचं कशाला? मेजरसाहेबांचीही मान खाली जाईल. तुमच्या सगळ्याच रिपोर्टांवर लोक बोट ठेवतील."

"ठेवू देत. नुसतं लिहिलं तर लोक म्हणतील, बाईच्या मुलीचं लग्न जमावं म्हणून म्हाताऱ्याने सोडून दिलं. कारण लिहिलं तरच पटेल. लिहा, सुनीतीबाई. माझं इंग्रजी नीट करा, पण गोष्ट नीट करू नका."

मी लिहिलं. त्याच मजकुराचं एक पत्र त्यांनी सुब्बाचा अंगठा घेऊन फौजेच्या वरच्या ऑफिसातही पाठवलं. त्याचं उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं, पण आलं, आणि जयतीर्थांचं नाव बोटीवरच्या माणसांत गेलं.

मेजवानीचा दिवस जानेवारीतला, दुपारचा. राणोजींनी स्वतः सैदापेटला जाऊन कृष्णवेणीबाईंना, विमलाला आणि कुंभकोणमच्या गुरुमूर्तींना आमंत्रण दिलं होतं. का ते सांगितलं नव्हतं. बाईंना वाटलं, ओळ काढली असेल, ते दाखवायला बोलावलं. अशोक आणि मी मागच्या रांगेत बसलो. पोटं सुटलेली शंभरेक माणसं छातीवर पदकं लावून केळीच्या पानांची वाट पाहत होती. मेजरसाहेब दोन शब्द बोलले आणि त्यांनी राणोजींना पुस्तकातलं काहीतरी वाचायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं काहीतरी गमतीचं वाचतील.

त्यांनी तिसरं प्रकरण वाचलं. खिळे, टंबलर, घंगाळ. लोक हसायला लागले, कारण त्यांना ते आठवत होतं. मग राणोजी पाचव्या प्रकरणावर आले आणि हसणं बंद झालं. मेजरसाहेब हळूच म्हणाले, "राणोजी, पुरे." राणोजींनी मान हलवून नाही म्हटलं आणि शेवटपर्यंत वाचलं. बोटीवर पाच माणसं होती. पाचव्याला सात वर्षं पळपुटा म्हटलं गेलं, ते एका क्लार्कच्या आळसामुळे. तो क्लार्क मी.

कोणी टाळी वाजवली नाही. जेवणाचं बघायला आलेला सुब्बा स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभा होता. मग पहिल्या रांगेत मेजरसाहेब उठून उभे राहिले, आणि मागून एकेक करत खुर्च्या सरकल्या. गुरुमूर्तीही उभे राहिले. त्यांनी वाकून विमलाला विचारलं, "साखरपुडा मार्गशीर्षात झाला असता तर बरं झालं असतं, आता माघात करू. चालेल का, मुली?" ती रडत होती, तिने मान डोलावली.

कृष्णवेणीबाई मात्र बसूनच होत्या. एका वाक्यात त्यांचा नवरा त्यांना परत मिळाला होता आणि त्याच वाक्यात मेला होता. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

जेवणं झाल्यावर राणोजी त्यांच्यासमोर आले. त्यांनी हात जोडले. "अम्मा, मला..."

"अण्णा, माफी मागू नका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "देता येणार नाही. सात वर्षं माझी मुलगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे काय लिहावं ते विचारत होती. ते मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका."

राणोजींनी मान खाली घातली.

"पण हे आज तुम्ही चारचौघांत वाचलंत," त्या उठता उठता म्हणाल्या, "तेही विसरणार नाही. लग्नाचा मुहूर्त सकाळचा असेल, तुम्ही आदल्या दिवशीच या. कन्यादान त्यांचे भाऊ करणार नाहीत. ज्यांनी सात वर्षं पळपुटा म्हटलं, त्यांच्या हातून मला ते नको. तुम्ही करा."

"मीही म्हटलोच की," राणोजी म्हणाले.

"हो," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "पण तुम्ही एकट्यानेच परत घेतलंत."